तिसऱ्या बोगद्यातलं पाणी

पहाटे सहाला मी सायकल काढते.
मागे खराटा बांधलेला, हँडलला पत्र्याची बादली.
बादली खडखडते, म्हणून रानडुकरं आधीच वाट सोडतात.

माझ्या लहानपणी इथून व्हिएन्नाची गाडी जायची.
आता रूळ नाहीत. त्यांच्या जागी डांबराची अरुंद पट्टी,
इंजिनाला बंदी, मोटारीला बंदी,
आणि घाई असेल तर तीही
खाली हमरस्त्यावर ठेवून वर यावं.

माझं काम साधं आहे:
रात्री डोंगरानं जे टाकलं ते सकाळी उचलायचं.
दगड. पाइनची बोंडं.
गोगलगायी, ज्यांना ओल आवडते
आणि चाकाबद्दल कुणी सांगितलेलं नाही.
एकदा डाव्या पायाचा बूट सापडला.
उजव्याचा शोध चालू आहे.

खाली फेल्ला नदी.
पांढऱ्या गोट्यांचा केवढा मोठा बिछाना
आणि निजणारी एवढीशी,
तीही एका कडेला, निळसर हिरवी, पाय पोटाशी घेऊन.
एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की मात्र
तोच बिछाना तिला पुरत नाही.

शुक्रवारी लिंट्सचं जोडपं आलं.
दोघांत एकच सायकल, पुढे रोस्विता, मागे एंगेलबर्ट.
जुन्या स्टेशनच्या बाकावर त्यांनी चीज कापलं,
मलाही एक फोड दिली.
एंगेलबर्ट जन्मापासून आंधळा.
म्हणाला, दरी कुठे उघडते ते मला गालावर कळतं,
आणि पूल आला की हिचे खांदे वर जातात,
उंचीची भीती हिला, आणि नजरही हिलाच.
रोस्वितानं त्याला कोपर मारलं.

मग तो सहज म्हणाला,
तिसऱ्या बोगद्यात डाव्या हाताला पाणी ठिबकतंय.
मी म्हटलं, डोंगर आहे, घाम यायचाच.
"तो उजवीकडचा. ते जुनं पाणी, सावकाश पडतं.
हे गेल्या वर्षी नव्हतं.
हे घाईत आहे."

संध्याकाळी मी गेले.
बोगद्यात शिरलं की दिवे आपोआप लागतात,
भिंती लख्ख दिसतात, मी झाडते, बाहेर पडते;
अकरा वर्षं असंच चाललंय.
या वेळी पाय टेकवला आणि हललेच नाही.
दिवे थोडा वेळ वाट पाहून विझले.
अंधारात आधी माझाच श्वास,
मग उजवीकडे एक थेंब,
त्यानंतर एवढी शांतता की दुसरा येतो की नाही वाटावं,
आणि डावीकडे टप टप टप टप,
जिन्यावरून पोरं उतरावीत तसं.

हात हलवला. दिवे लागले.
रोजच्याच दिव्याखाली
बोट जाईल एवढी फट.

बाबा सांधेवाले होते, ओदोरिको त्यांचं नाव.
गाडी यायच्या आधी गुडघे टेकून
रुळाला कान लावायचे.
मला वाटायचं, पोरांना गंमत दाखवतात.

तीन आठवडे मार्ग बंद.
तांबडी-पांढरी पट्टी, त्यावर पाटी,
आणि पाटी वाचूनही मला विचारणारे शंभर लोक.
एका शर्यतवाल्यानं जर्मनमध्ये काहीतरी सुनावलं,
नंतर इटालियनमध्येही, मला नीट कळावं म्हणून.
उदिनेहून इंजिनिअर आला. फॉर्मवर रकाना होता:
दोष कसा आढळला?
मी लिहिलं, ऐकून.
त्यानं ते खोडून लिहिलं, नियमित पाहणीत.

सप्टेंबरात पोस्टकार्ड आलं, अक्षर रोस्विताचं,
एकच ओळ: तो विचारतोय, पाणी कसं आहे?

दोन दिवस मी उत्तर लिहिलं नाही.
तिसऱ्या दिवशी सकाळी बोगद्यात थांबले,
दिवे विझेपर्यंत.
मग बाहेर येऊन बादली उलटी घातली, तिच्यावर बसून लिहिलं:
फट सिमेंटनं बुजवली.
ते आता उजवीकडच्या म्हाताऱ्याकडे राहायला गेलंय.
अजून थोडं घाईतच असतं.